हकीम, हाकीम आणि यंत्र

उर्दू शिकवताना एक गोंधळ दरवर्षी ठरलेला असतो. 'हकीम' आणि 'हाकीम' हे दोन शब्द मुले हमखास एकमेकांच्या जागी लिहितात. पहिल्यात 'काफ'नंतर 'ये' येतो, दुसऱ्यात 'हे'नंतर 'अलिफ'. फरक एवढाच. पण हकीम म्हणजे शहाणा माणूस, औषध देणारा. हाकीम म्हणजे हुकूम चालवणारा, सत्ता असलेला. दोन्हींचे अरबी मूळ एकच, ह-क-म. मराठीनेही त्या मुळाची दोन फळे घेतली आहेत. 'हिकमत' आपण कौतुकाने म्हणतो, 'हुकूम' थोडा सावधपणे.

सध्या वैद्यकात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. एक्स-रे वाचण्यापासून डोळ्याचा पडदा तपासण्यापर्यंत आणि डॉक्टरला निदान सुचवण्यापर्यंत तिची कामे वाढत आहेत. यामुळे रुग्णाचा डॉक्टरवरचा विश्वास वाढेल की उडेल, अशी चर्चा शहरांत चालते. मला वाटते, हा प्रश्न यंत्राइतका नवा नाही. आपल्या मुलखाने तो याआधी तीन-चार वेळा सोडवला आहे आणि तितक्याच वेळा चुकवलाही आहे. तो इतिहास समोर ठेवला तर आजच्या यंत्राकडे काय मागायचे ते कळते.

नब्ज आणि कागद

अहमदनगर (आता अहिल्यानगर) ही निजामशाहीची राजधानी. सोळाव्या शतकात या दरबारासाठी रुस्तुम जुर्जानी यांनी फारसीत 'ज़ख़ीरा-ए-निज़ामशाही' हा वैद्यकाचा ग्रंथ रचला. यूनानी हकिमाची परंपरा अशी आपल्या मातीत रुजली. हकीम नब्ज पाही, जीभ पाही, लघवीचा रंग पाही आणि पथ्य सांगे. रुग्णाच्या दृष्टीने तेही गूढच होते. मनगटावर तीन बोटे ठेवून त्याला काय कळले, हे रोग्याला कुठे समजत होते? तरी लोक विश्वास ठेवत, कारण हकीम गल्लीतला होता. औषध लागले नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाता येत होते.

पण केवळ ओळखीवर विसंबू नये हेही जुन्या लोकांना कळत होते. नवव्या शतकात इसहाक इब्न अली अल-रुहावी यांनी 'अदब अत-तबीब' हा वैद्याच्या वर्तनावरचा ग्रंथ अरबीत लिहिला. त्यात एक लक्षणीय रीत सांगितली आहे. वैद्याने प्रत्येक भेटीत रोग्याची अवस्था आणि दिलेले उपचार लिहून ठेवावेत आणि त्याची एक प्रत घरच्यांना द्यावी. रोगी बरा झाला किंवा दगावला, तर ते कागद इतर जाणत्या वैद्यांसमोर ठेवले जावेत आणि उपचार योग्य होते की नाही याचा त्यांनी निवाडा करावा. हजार वर्षांपूर्वीची ही अपेक्षा मला फार मोलाची वाटते. वैद्याचे ज्ञान रोग्याला समजले नाही तरी चालेल, पण ते कुठेतरी तपासले गेले पाहिजे आणि तपासणीचा कागद रोग्याच्या घरात असला पाहिजे, एवढे त्यात आहे.

प्लेग: हकीम हाकीम झाला तेव्हा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. सरकारला घरात शिरण्याचा, माणूस उचलून नेण्याचा आणि सामान जाळण्याचा अधिकार मिळाला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत घुसले. पुढे २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते.

मुंबईतल्या मुसलमान विणकरांची गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात नसते. ९ मार्च १८९८ रोजी रिपन रोडच्या परिसरात जुलाहे लोकांच्या वस्तीत प्लेगची तपासणी करणारे पथक आले. बारा वर्षांची एक मुलगी आजारी होती. तिला पाहू द्यायला आणि इस्पितळात न्यायला घरच्यांनी नकार दिला, गर्दी जमली, दगडफेक झाली, गोळीबार झाला आणि दंगल शहरात पसरली. त्या विणकरांना अडाणी ठरवणे सोपे आहे. पण त्यांच्या दारात आलेल्या माणसाच्या मागे पोलीस उभे होते. तो मुलीला बरे करायला आला आहे की उचलून न्यायला, हे त्यांना कशावरून कळावे?

त्याच वर्षांत त्याच शहरात एक वेगळी गोष्ट घडत होती. ओडेसाहून आलेले यहुदी शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोक तरीही घाबरत होते. तेव्हा खोजा इस्माइलींचे तरुण इमाम, तिसरे आगाखान, यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली. त्यांचे वय तेव्हा जेमतेम एकोणीस-वीस. पुढे त्यांनी प्रयोगशाळेसाठी आपली जागाही दिली. त्यांच्या अनुयायांना लशीतले जंतू कसे मारले जातात हे कळले नव्हते. आपला माणूस तोच धोका पत्करतो आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

पुण्याजवळही असेच घडले. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. रोग्यांची सेवा करतानाच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. रोग तोच होता आणि महिनेही तेच. एका दारावर सोल्जर होता आणि दुसऱ्या दारात सावित्रीबाई.

एका बाटलीचा खटला

यंत्र चुकले तर जबाबदार कोण, हा आज सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. हाफकिनच्या लशीने तोही विचारायला लावला होता.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात लसीकरण झाले. मुंबईच्या परळ प्रयोगशाळेतून गेलेल्या एकाच बाटलीतून, क्रमांक ५३-एन, ज्यांना लस दिली गेली ती १९ माणसे धनुर्वाताने मेली. चौकशी बसली आणि दोष प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर आला. त्यांना कामावरून दूर केले गेले. पुढे नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा दिसले की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये १९०७ साली पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली, तेव्हा कुठे त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. आज परळच्या त्या संस्थेला त्यांचे नाव आहे.

यात शिकण्यासारखे काय? बाटलीवर क्रमांक होता. कोणी, कुठे, कोणत्या साधनाने उघडली याची नोंद होती. म्हणून पाच वर्षांनी का होईना, सत्य सापडले. मेलेल्यांच्या घरच्यांना ते कितपत कळले असेल ठाऊक नाही, पण शोधायला निदान जागा होती. आज एखाद्या सॉफ्टवेअरने 'धोका नाही' म्हटले आणि रोगी दगावला, तर त्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती होती, तिने काय पाहिले, कोणी सही केली, हा बाटलीवरचा क्रमांक आपल्याला सापडेल का?

एकच शस्त्रक्रिया, दोन मार्ग

आता आपल्याच जिल्ह्यात येऊ. पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी सगळ्यांना माहीत आहे. सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतले. पाणी अडवले गेले, झाडे लागली आणि दुष्काळी गाव सावरले. गावाने स्वतःवर पाच नियम घालून घेतले: नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान. यातला दुसरा शब्द मी विद्यार्थ्यांना सहलीला तिथे घेऊन गेलो तेव्हा एका सहकाऱ्याने हळूच उच्चारला. आमच्या समाजात या शब्दाची आठवण वेगळी आहे.

कारण त्याच काळात देशात आणीबाणी होती. दिल्लीच्या तुर्कमान गेटला गोळीबार झाला. हरियाणात मेवाती मुसलमानांचे उटावर गाव पोलिसांनी वेढले आणि पुरुषांना नसबंदीसाठी उचलून नेले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. राळेगणने जी गोष्ट गावात बसून, चर्चा करून स्वीकारली, तीच सरकारने आकडा ठरवून लादू पाहिली. शस्त्रक्रिया तीच. पण सक्तीने झालेल्या जखमेचा व्रण पुढच्या पिढीपर्यंत पोहोचला.

तो व्रण मी पाहिला आहे. पोलिओच्या मोहिमेत आम्हा शिक्षकांनाही दारोदार पाठवत. 'या थेंबांनी पुढे मुलाला मूल होत नाही' असे सांगून दार लावणाऱ्या आया मला भेटल्या. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसे. मोहल्ल्यातल्या इमामांनी जुम्याच्या बयानात सांगितले, ओळखीच्या आपाने स्वतःच्या नातवाला थेंब पाजून दाखवले, तेव्हा दारे उघडली. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक (वन्य) विषाणूने झालेल्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यात अशा हजारो आपांचा वाटा आहे.

राळेगणचेही सगळे गोड नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. दारुड्यांना खांबाला बांधून मारल्याचे तिथे कोणी लपवत नाही. चांगल्या हेतूचा गावही कधी हाकीम होतो. तरी एक गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे: नियम ठरवायला ग्रामसभा बसते आणि प्रश्न विचारायची जागा गावातच असते.

मण्यांचे यंत्र

राळेगणच्या आधी, आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्या भागात तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत मरत. आरोळे दांपत्याने एक धाडस केले. गावातल्या बायका, त्यातही दलित आणि निरक्षर बायका निवडून त्यांना आरोग्याचे शिक्षण दिले. बाळंतपण, बाळाचे वजन, हगवणीत मीठ-साखरेचे पाणी, खोकल्यातला टीबी ओळखणे, ही कामे त्यांच्या हाती दिली. डॉक्टर मागे राहिले, गरज पडेल तेव्हा उपलब्ध. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेड होते. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च'मध्ये पुढचे पाऊल टाकले. बाळाला न्यूमोनिया आहे की साधी सर्दी, हे श्वास मोजून ठरवता येते. पण मोठे आकडे न मोजता येणाऱ्या दाईने श्वास कसे मोजायचे? डॉ. बंग यांनी मणी आणि वाळूचे मिनिटघड्याळ असलेले साधे साधन बनवले. ठरावीक श्वासांना एक मणी सरकवायचा; वाळू संपण्याआधी मण्यांची खूण ओलांडली तर न्यूमोनिया, औषध द्या. पुढे नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. त्या गावांत नवजातांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. आजच्या आशाताईंची कल्पना याच वाटेने आली.

मला ते मण्यांचे साधन म्हणजे आजच्या एआयचा गरीब पूर्वज वाटते. निर्णयाचा नियम माणसाच्या डोक्याबाहेर, एका वस्तूत ठेवलेला. दाईला न्यूमोनियाचे शास्त्र पूर्ण कळत नव्हते, बाळाच्या आईला तर नाहीच. तरी विश्वास बसला, कारण मणी सरकवणारा हात ओळखीचा होता. रात्री बाळ बिघडले तर ती दाई पुन्हा येणार होती.

आजचे यंत्र काय करते

आता टीबीचेच उदाहरण घ्या. ७ डिसेंबर २०२४ ला केंद्र सरकारने शंभर दिवसांची क्षयरोग मोहीम सुरू केली. हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे वस्त्यांत गेली आणि त्यांना जोडलेले सॉफ्टवेअर छातीचे चित्र वाचू लागले. मुंबईतच २०१६ मध्ये सुरू झालेल्या क्युअर.एआय या कंपनीचे असे सॉफ्टवेअर अनेक देशांत वापरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरील लोकांच्या टीबी तपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली. ज्या तालुक्यात एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ डॉक्टर नाही, तिथे हे वरदानच आहे. टीबी आधी सापडला तर घरातली बाकीची माणसे वाचतात.

पण हे यंत्र 'टीबी आहे' असे सांगत नाही. ते एक आकडा देते. तो ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की माणसाला संशयित धरून थुंकीची तपासणी करायची. ही मर्यादा खाली आणली तर निरोगी माणसांनाही फेऱ्या माराव्या लागतात. वर नेली तर खरे रोगी निसटतात. ती कुठे ठेवायची हे यंत्र ठरवत नाही, कार्यक्रम चालवणारी माणसे ठरवतात. म्हणजे यंत्राच्या आतही कोणीतरी माणूस निर्णय घेत असतोच, फक्त तो आपल्याला दिसत नाही.

दुसरा धोका मोजमापाचा. अमेरिकेत इस्पितळे वापरत असलेल्या एका गणिती पद्धतीचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. कोणाला जास्त देखभाल हवी, हे ती पद्धत आधीच्या खर्चावरून ठरवत होती. कृष्णवर्णीयांवर मुळातच कमी खर्च होत असे, म्हणून तेवढेच आजारी असूनही ते यंत्राला कमी आजारी दिसत. आपल्याकडे याचा अर्थ उघड आहे. जी बाई पैशाअभावी कधी दवाखान्यात गेलीच नाही, जिच्या मोहल्ल्यात सरकारी दवाखाना नाही, तिची नोंदच नाही. नोंदीवर शिकलेल्या यंत्राला ती निरोगी वाटेल.

तिसरा धोका डॉक्टरच्या हाताचा. पोलंडमधल्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एआयची सवय लागल्यानंतर त्याच डॉक्टरांनी एआयविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आले होते. गणकयंत्र आल्यावर मुलांचे पाढे सुटले, हे आम्ही शिक्षकांनी पाहिलेच आहे.

अम्मीचा प्रश्न

माझ्या अम्मीला साखरेचा आजार आहे. एका शिबिरात मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने तिच्या डोळ्याच्या पडद्याचे चित्र घेतले. दोन मिनिटांत कागद आला, 'पुढे पाठवावे' एवढेच लिहिलेला. तिने त्या मुलाला विचारले, "बेटा, मशीननं सांगितलं ते कळलं. तू काय सांगतोस?" तो म्हणाला, "अम्मा, मला नाही माहीत, त्यात तसं आलंय." अम्मीने कागद कुराणशरीफच्या कपाटाखालच्या खणात ठेवून दिला. 'ज्याला माहीतच नाही त्याचं मी काय ऐकू' म्हणून ती दोन महिने डोळ्याच्या डॉक्टरकडे गेली नाही. शेवटी तिच्या जुन्या डॉक्टरांनी तो कागद हातात घेतला, पडद्याचे चित्र मागवले, रक्ताचा बारीक ठिपका तिला दाखवला आणि म्हणाले, "यंत्र बरोबर सांगतंय, मी पाहिलं. उद्याच जायचं." ती दुसऱ्याच दिवशी गेली.

यंत्र पहिल्या दिवसापासून बरोबर होते. पण बरोबर असणे पुरेसे पडले नाही. 'मी पाहिलं' हे दोन शब्द कोणीतरी म्हणावे लागले. आगाखानांचा दंड, बाटलीवरचा क्रमांक, दाईचा मणी, सगळ्यांचे काम शेवटी हेच होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्च २०२३ मध्ये वैद्यकातल्या एआयसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतही माणसाची देखरेख, उत्तरदायित्व आणि रुग्णाची संमती यांवर भर आहे. तत्त्वे कागदावर आहेत. ती शिबिराच्या टेबलापर्यंत यायला हवीत.

ती आपोआप येणार नाहीत, मागावी लागतील. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. यंत्राने दिलेला अहवाल हातात आला तर घाबरू नका आणि फेकूनही देऊ नका. तीन गोष्टी विचारा. हे कोणत्या डॉक्टरने पाहिले आणि त्याची सही कुठे आहे? यंत्राने नेमके काय पाहून असे म्हटले, ते मला दाखवता येईल का? आणि हे चुकीचे निघाले तर मी कोणाकडे जाऊ? गावात शिबिर येणार असेल तर हेच प्रश्न ग्रामसभेत विचारा, मोहल्ल्यात येणार असेल तर मशिदीच्या कमिटीने विचारावेत. ज्या घरात कोणाला वाचता येत नाही, त्यांच्यासोबत शिकलेल्या मुलाने जावे आणि अहवालाची एक प्रत घरी आणावी. रुहावींनी सांगितलेली रीत तीच होती.

उत्तरे मिळाली तर ते यंत्र आपल्या कामाचे आहे, नि:शंक वापरू द्या. उत्तर म्हणून नुसतेच 'त्यात तसं आलंय' ऐकू आले, तर समजावे की कुठेतरी 'ये' पुसून 'अलिफ' लिहिला गेला आहे.